सोळा कोंबडे

गेले दोन-तीन महिने आमच्या गोतावळ्यात एकाच विषयावर फोन चालू आहेत. दादाची सोन्याची नाणी विकायची की ठेवायची? दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. १९७३ साली नोकरीसाठी पॅरिसला गेला, तिथेच रमला आणि मागच्या वर्षी तिथेच गेला. त्याच्या सामानात एक लाकडी पेटी होती. तिच्यात कप्पे करून ठेवलेली फ्रान्सची सोळा सोन्याची नाणी, आणि प्रत्येक नाण्याखाली त्याच्या त्या मुंगीसारख्या मराठी अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

भाचा म्हणतो विकूया, भाव चांगला आहे. भाची म्हणते बाबांची आठवण आहे, हात लावायचा नाही. बाकीचे नातेवाईक रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर सोन्याचा भाव पाठवतात. शेवटी भाची म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवलास, तूच काय ते सांग." फोनवर मला मुद्देसूद बोलता येत नाही, मध्येच कुणीतरी "आवाज येतोय का?" म्हणतं. म्हणून इथेच लिहिते आहे. घरच्यांनी वाचावं, आणि नेहमीच्या वाचक मंडळींनीही आपलं मत द्यावं.

आधी नाणं कसं आहे ते सांगते, कारण भाव पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते नीट पाहिलेलं नाही.

हे वीस फ्रँकचं नाणं. व्यास २१ मिलिमीटर. वजन ६.४५ ग्रॅम, त्यात दहा भागांत नऊ भाग सोनं आणि एक भाग तांबं. एका बाजूला मारियान, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाची स्त्रीरूपातली मूर्ती. डोक्यावर क्रांतीच्या काळातली ती टोपी आणि तिच्यावर पानांची माळ. दुसऱ्या बाजूला छाती काढून उभा असलेला कोंबडा. कोंबडाच का? तर लॅटिनमध्ये 'गालुस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, कोंबडा आणि गॉल देशाचा रहिवासी. फ्रेंचांचे पूर्वज ते गॉल. शब्दावरची कोटी राष्ट्राचं चिन्ह होऊन बसली!

नाणं घडवलं ज्यूल-क्लेमाँ शाप्लँ या पदककाराने. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक पहिल्यांदा भरलं, त्यातल्या विजेत्यांचं पदकही याच माणसाचं. कोंबड्याचं हे नाणं १८९९ पासून १९१४ पर्यंत दर वर्षी निघालं. म्हणजे सोळा वर्षं, सोळा नाणी. दादाच्या पेटीत प्रत्येक सालाचं एक आहे. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये या नाण्याला सर्रास 'नेपोलियन' म्हणतात. नेपोलियनचा त्यावर मागमूस नाही, उलट तो ज्या राजवटीत मावला नसता तिचं हे नाणं. पण वीस फ्रँकचं सोन्याचं नाणं पहिल्यांदा त्याच्या काळात निघालं, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं.

नाव राहिलं तसं वजनही राहिलं, आणि ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८०३ साली कायद्याने ठरलं की एक किलो नाण्याच्या सोन्यातून वीस फ्रँकची १५५ नाणी पाडायची. त्यानंतर फ्रान्समध्ये सम्राट आला, राजे परत आले, क्रांत्या झाल्या, पुन्हा एक सम्राट आला, जर्मनांकडून पराभव झाला, प्रजासत्ताक आलं. नाण्यावरचा चेहरा दर वेळी बदलला, वजन १९१४ पर्यंत तसूभरही बदललं नाही. १८६५ साली बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनीही फ्रान्सबरोबर करार करून हेच माप घेतलं. आजोबांनी ठेवलेलं नाणं नातवाने काढलं तरी दुकानदार ते त्याच किमतीला घेणार, अशी खात्री चार पिढ्यांना होती. सरकारने दिलेला शब्द पाळणं म्हणतात ते हे.

त्या काळात या नाण्याची किंमत किती होती? मी शिक्षिका, म्हणून मी शिक्षकाचाच पगार शोधला. १८८९ च्या कायद्यानुसार प्राथमिक शाळेतल्या उमेदवार शिक्षकाला वर्षाला ८०० फ्रँक मिळत. म्हणजे अशी चाळीस नाणी, महिन्याला तीन आणि वर थोडी चिल्लर. त्यातून खाऊन-पिऊन एखादं मागे टाकणं म्हणजे काय असेल याची कल्पना मास्तरकी केलेल्या प्रत्येकाला येईल.

आता दादाच्या पेटीकडे येते. मला ती सोळा नाणी नुसती दाखवली असती तर मी म्हटलं असतं, सगळी सारखीच आहेत की. पण दादाने चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरात लिहिलं आहे: "कड वाचणे."

नाण्याच्या कडेवर उठावाची बारीक अक्षरं आहेत. १८९९ ते १९०६ या आठ नाण्यांच्या कडेवर लिहिलं आहे, 'देव फ्रान्सचं रक्षण करो'. १९०७ ते १९१४ या आठ नाण्यांवर देव नाही. तिथे 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' आहे. मध्ये झालं काय, तर डिसेंबर १९०५ मध्ये फ्रान्सने कायदा करून धर्मसंस्था आणि सरकार यांची कायमची फारकत केली. त्या कायद्यावरून तिथे घराघरात भांडणं झाली, चर्चच्या मालमत्तेची मोजदाद करायला गेलेल्या अधिकाऱ्यांना लोकांनी दारात अडवलं. एवढं मोठं वादळ, आणि खिशातल्या नाण्यावर त्याची खूण कुठे, तर कडेवर, जिथे सहसा कुणाचं लक्षही जात नाही. वर्गात मी हा कायदा दोन ओळींत उरकत असे. तेव्हा ही दोन नाणी हातात असती तर अख्खा तास घेतला असता.

दादाने ही नाणी जमवायला का घेतली ते आमच्या घरातल्या धाकट्यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते, दादा सोळा. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सोनं द्या असं आवाहन झालं आणि आईने हातातली एक पाटली काढून दिली. कुणी मागितली नव्हती, तिनेच दिली. पुढे १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. पाटलीची जोडी मोडली ती मोडलीच. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण उरलेली एक पाटली ती सणावारी घालायची तेव्हा दादा तिच्या हाताकडे बघायचा, हे मला आठवतं.

पॅरिसला गेल्यावर एका प्रदर्शनात त्याने पहिल्या महायुद्धातलं एक भित्तिचित्र पाहिलं. १९१५ सालचं, आबेल फेव्र या चित्रकाराचं. त्यात सोन्याचं एक प्रचंड नाणं आहे आणि नाण्यावरचा कोंबडा जिवंत होऊन जर्मन सैनिकावर झेपावतो आहे. खाली आवाहन: फ्रान्ससाठी आपलं सोनं जमा करा. दादाने मला पत्रात लिहिलं होतं, "माई, मला आईची पाटलीच दिसली." (घरात मला माई म्हणतात.) त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला तो पॅरिसच्या शेअर बाजाराजवळच्या व्हिव्हियेन रस्त्यावर जायचा. तिथे नाण्यांच्या दुकानांची रांग आहे. एक कोंबडा घेऊन यायचा. १९८६ पासून सोळा पाडवे. त्या वर्षांत सोन्याला कुणी विचारत नव्हतं, १९९९ च्या सुमारास तर भाव पार तळाला गेला होता. तरी त्याचा नेम चुकला नाही. भावाकडे बघून घेतली असती तर तो तेव्हाच थांबला असता.

त्या भित्तिचित्राचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच फ्रान्सने नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. १९१५ मध्ये लोकांनीच सोनं आणून द्यावं म्हणून मोहीम निघाली. बदल्यात तेवढ्याच फ्रँकच्या कागदी नोटा आणि एक छापील प्रशस्तिपत्र. लोकांनी दिलं, भरभरून दिलं. मग युद्ध संपलं, महागाई झाली, आणि जून १९२८ मध्ये पोआंकारे सरकारने फ्रँकची नवी किंमत ठरवली: जुन्या फ्रँकच्या एक पंचमांश. हिशेब करून पाहा. १९१५ मध्ये ज्या बाईने वीस फ्रँकचं नाणं देऊन वीस फ्रँकची नोट घेतली, तिच्याकडे १९२८ मध्येही वीसच फ्रँक होते. जिने नाणं चादरींच्या घडीत दडवून ठेवलं, तिच्या नाण्यातल्या सोन्याची किंमत मात्र साधारण ९८ फ्रँक झाली होती. जी देशासाठी धावली ती बुडाली, जिने ऐकलं नाही ती तरली. आता या दोघींपैकी शहाणी कोण, हे मला पंचाहत्तरीतही ठामपणे सांगता येत नाही. एवढं मात्र खरं की ही गोष्ट तिथली माणसं विसरली नाहीत.

१९४८ मध्ये पॅरिसचा सोनेबाजार पुन्हा खुला झाला तेव्हा लोकांना हेच जुनं नाणं हवं होतं. मग सरकारने काय करावं? १९५१ ते १९६० या काळात जुन्याच ठशांची नवी नाणी पाडली, आणि त्यावर साल घातलं १९०७ ते १९१४ यांपैकी! साडेतीन कोटींहून जास्त नाणी. जाणकार ती रंगावरून ओळखतात, ती जरा तांबूस दिसतात. दरम्यान १९५२ मध्ये आंत्वान पिने या पंतप्रधानाने सरकारी कर्जरोखे काढले. व्याज साडेतीन टक्के, वारसा-करातून सूट, आणि सगळ्यात मोठं आमिष म्हणजे मुद्दल या वीस फ्रँकच्या नाण्याच्या भावाशी बांधलेलं. एकदा शांतपणे वाचा. ज्या सरकारने १९१५ मध्ये सांगितलं की नाणं द्या आणि कागदावर विश्वास ठेवा, त्याच सरकारला सदतीस वर्षांनी सांगावं लागलं की आमच्या कागदावर विश्वास ठेवा, कारण त्याच्यामागे ते नाणं आहे. गेलेला विश्वास परत मिळवायला जुन्या कोंबड्याला साक्षीला बोलवावं लागलं.

म्हणूनच मला हे नाणं संग्रह करण्याजोगं वाटतं.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ जुनी नाणी जमवतात, छत्रपतींच्या शिवराईपासून संस्थानिकांच्या नाण्यांपर्यंत. त्यांना फोटो दाखवले तर म्हणाले, "बाई, यात संग्रह कसला? ही वजनाची नाणी. दुर्मीळ असं यात काहीच नाही." त्यांचं म्हणणं एका परीने बरोबर आहे. या मालिकेत त्यातल्या त्यात कमी निघालेलं साल म्हणजे १९००, सुमारे सहा लाख पंधरा हजार. १९१३ ची तर एक कोटीहून अधिक निघाली. पण दुर्मीळ ते मौल्यवान, हे माप मला अपुरं वाटतं. दुर्मीळ नाणं बहुतेक वेळा दुर्मीळ असतं ते फार कुणाच्या हातात गेलं नाही म्हणून. कोंबड्याचं नाणं शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, मास्तरणीच्या हातून गेलं. मुलीच्या लग्नात दिलं गेलं, गादीत शिवलं गेलं. २०१६ मध्ये नॉर्मंडीतल्या एव्हर इथे एका माणसाला वारशाने मिळालेल्या घरात सोनं सापडलं. पाच हजार नाणी आणि वर कितीतरी विटा, सगळं मिळून शंभर किलो, फर्निचरखाली, कपड्यांत, न्हाणीघरात ठेवलेलं. बातमी वाचून लोक हसले असतील. मला त्यात शब्द मोडल्यावर माणसं कशी वागतात ते दिसलं. सामान्य माणसाचा इतिहास सामान्य नाण्यातच सापडायचा.

मग दादाच्या १९०७ नंतरच्या नाण्यांत दोन तांबूस आहेत त्यांचं काय? १९११ आणि १९१३ च्या चिठ्ठीवर त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, "रंग तांबूस, बहुधा नंतरचा ठसा." भाचा म्हणतो, म्हणजे ही दोन नकली, निदान ही तरी काढून टाकू. नाही रे बाळा. ती नकली नाहीत. सोनं तेवढंच, वजन तेवढंच, पाडणारं सरकारही फ्रान्सचंच. फक्त साल खरं नाही. आणि सरकारला खोटं साल का घालावं लागलं, ही तर या सोळा नाण्यांतली सगळ्यात बोलकी गोष्ट. माझ्या मते ती दोन आधी ठेवावीत.

आता विकण्याबद्दल. भाच्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनं औंसाला चार हजार डॉलरच्या पार गेलं. सोळा नाण्यांचं वजन १०३ ग्रॅम, त्यात सुमारे ९३ ग्रॅम शुद्ध सोनं. रक्कम लहान नाही. नाणी पेटीत ठेवून व्याज मिळत नाही, चोराची भीती मात्र मिळते. हे सगळं मान्य.

पण भाव वाढला हे विकण्याचं कारण होऊ शकत नाही, गरज हे होऊ शकतं. घरात कुणाचं ऑपरेशन असेल, मुलांची फी अडली असेल, घराचा हप्ता थकला असेल तर खुशाल विका, आणि विकताना बाबांचा अपमान झाला वगैरे मनात आणू नका. ज्या बायकांनी ही नाणी चादरींत ठेवली त्यांनी ती अडीअडचणीसाठीच ठेवली होती. अडचण आली की सोनं बाहेर काढायचं असतं, आईनेही १९६२ मध्ये तेच केलं. पण आज हातात नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि केवळ फोनवर आकडा मोठा दिसतो म्हणून मोडायचं, याला माझी संमती नाही. उद्या तो आकडा आणखी वाढला तर हळहळ, उतरला तर शेखी, आणि दोन्हीत दादाचं काहीच उरत नाही.

आणि विकायची वेळ आलीच तर सोनाराकडे वितळवायला नेऊ नका. त्याच्या दृष्टीने हे बावीस कॅरेटही नाही, घट धरूनच तो बोलणार. नाणी घेणाऱ्याकडे न्या, सोळाच्या सोळा, चिठ्ठ्यांसकट.

भाचीलाही दोन शब्द. "हात लावायचा नाही" हेही मला पटत नाही. पेटी बंद करून बँकेच्या लॉकरात टाकली तर वितळवण्यात आणि त्यात फार फरक नाही. नाणी हातात घ्या, कड फिरवून वाचा, मुलांना वाचायला लावा. हल्ली नाणी प्लॅस्टिकच्या पक्क्या डबीत सीलबंद करून वर दर्जाचा आकडा लिहून मिळतो म्हणे. नफ्यासाठी ते बरं असेल, पण अशा डबीत कड धड वाचता येत नाही. ज्या नाण्याची अर्धी गोष्ट कडेवर आहे त्याला डबीत कोंडायचं? आणि कृपा करून रिठ्याने किंवा दंतमंजनाने घासून चकचकीत करू नका. दागिना घासतात, नाणं घासत नाहीत. दोन बोटांनी कडेला धरायचं, खाली मऊ कापड ठेवायचं, झालं.

राहिला वाटणीचा प्रश्न. तुम्ही दोघं भावंडं, नाणी सोळा. एकत्र राहिली तर उत्तम. पण दोन घरं, दोन देश, पुढे चार मुलं, तेव्हा वाटणी टळणार नाही हे मलाही कळतं. मग ती १९०६ आणि १९०७ च्या मधून करा. आठ नाणी देवाची, आठ नाणी बंधुतेची. दोन्हीकडे एकेक पूर्ण संच राहील. कुणी कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा, मी त्यात पडणार नाही. चिठ्ठ्यांची मात्र झेरॉक्स काढून दोन्ही पेट्यांत पूर्ण सोळा ठेवा, म्हणजे दुसरा अर्धा भाग कुणाकडे आहे ते पुढच्यांना कळेल.

दादाने त्या वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांना पत्रं लिहिली होती. माझ्याकडची मी शोधते आहे. साताऱ्याच्या, नाशिकच्या मंडळींनीही आपापल्या ट्रंका उघडाव्यात. पाडव्याच्या सुमाराची पत्रं असतील तर त्यांत कोणत्या साली कोणतं नाणं घेतलं ते असण्याची शक्यता आहे. सापडलं तर फोटो काढून मला पाठवा. भावाचे फोटो मात्र आता पुरे.